जहाज पाहिले, खलाशी पाहिला का?

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील होते, थोडा अभ्यास होतो, एखादे भीमगीत होते आणि दहाच्या सुमारास मुले क्रिकेटला पळतात. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही वर्गाला सुट्टी दिली आणि सतरा मुलांना घेऊन हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरलो. सोबत वर्ग घेणारी ताई, एका मुलीची आई आणि मी. दक्षिण मुंबईत बंदराच्या बाजूला सागरी इतिहासाचे दोन खोल्यांचे एक छोटे संग्रहालय आहे, ते पाहायचे होते. संग्रहालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे जे दिसले नाही ते बहुतेक ठिकाणी दिसत नाही. मग एकट्याच्याच नावाने खडे का फोडायचे?

आमच्या मुलांना समुद्र माहीत आहे तो चैत्यभूमीचा. सहा डिसेंबरला बापाच्या खांद्यावर बसून, आईचे बोट धरून, तासन्‌तास रांगेत उभे राहून त्यांनी दादरचा समुद्र पाहिलेला आहे. पण या समुद्राशी आपल्या माणसांचे काही नाते आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. शाळेच्या पुस्तकात समुद्र येतो तो वास्को द गामाबरोबर आणि जातोही त्याच्याबरोबरच. म्हणून ही सहल.

मी वकील माणूस. उभे राहायचे तर कागद वाचून उभे राहायचे ही सवय. आदल्या रात्री टिपणे काढून ठेवली होती. आपल्या मुलांना आज त्यांच्या इतिहासाची दौलत दाखवायची, या विचाराने मी स्वतःवरच खूश होतो. पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच हा लेख.

संग्रहालयात काचेच्या पेट्यांत जहाजांच्या प्रतिकृती होत्या. शिडाची गलबते, मग वाफेच्या बोटी. पितळी दुर्बीण, होकायंत्र, जुने नकाशे, सुकाणूचे एक मोठे चाक. भिंतीवर अधिकाऱ्यांच्या तसबिरी. पोरांनी आधी चाकाकडे धाव घेतली. पहारेकरी भला माणूस, ओरडला नाही. "हात लावा, पण फिरवू नका," एवढेच म्हणाला.

एका भिंतीवर अजिंठ्याच्या जहाजाच्या चित्राची नक्कल होती. मला हवा तो धागा मिळाला. मी मुलांना गोळा करून म्हणालो, "हे जहाज अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात रंगवलेले आहे. ही पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट. तो समुद्रावर व्यापार करायचा, पुढे भगवान बुद्धांचा भिक्खू झाला. तो राहणारा कुठला माहीत आहे? आपल्या नालासोपाऱ्याचा!" मुले हसायला लागली. एकीचा मामा नालासोपाऱ्याला राहतो. सकाळच्या लोकलला लटकणारा मामा आणि हे जहाज, यांची सांगड तिला घालता येईना.

पण सांगड खरी आहे. ज्याला आज आपण नालासोपारा म्हणतो ते प्राचीन शूर्पारक, पालीतले सुप्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या जुन्या प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. तिथे ज्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणले आणि कोट म्हणता म्हणता निघाला स्तूप. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या छोट्या ब्रॉंझ मूर्ती, सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे. याच राजाच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला आणि नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात. १९५६! ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी मुंबईच्या वेशीवर अशोकाचा दगड पुन्हा बोलू लागला.

"म्हणजे आपला धम्म बोटीने गेला?" एकाने विचारले. गेलाच. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली ती समुद्रावरूनच, असे तिथले ग्रंथ सांगतात. व्यापारी, खलाशी, भिक्खू एकाच तारवात बसत. कान्हेरीची लेणी कुणा एकट्या राजाने कोरवलेली नाहीत. तिथल्या शिलालेखांत सोपारा, कल्याण आणि चौलच्या दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका लोहाराने वाट बांधून दिल्याचीही नोंद आहे. याच काळात दुसऱ्या बाजूचे ग्रंथ काय सांगत होते? बौधायनाच्या धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि तिच्यात पहिले नाव समुद्रप्रवासाचे आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, श्राद्धाला कुणाला बोलावू नये याच्या यादीत समुद्रावर जाणारा माणूस घर जाळणाऱ्याच्या आणि विष घालणाऱ्याच्या पंक्तीला बसवला आहे. एका विचाराने समुद्र खुला केला, दुसऱ्याने बंद केला. हे मी जोर देऊन सांगितले. मुलांचे डोळे चमकले. माझे भाषण रंगले होते.

तेवढ्यात सातवीतला एक मुलगा, जो एरवी वर्गात मागे बसतो, वाफेच्या बोटीच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ह्या बोटीत संडास कुठे असायचा?"

सगळी पोरे खो खो हसली. ताईने डोळे वटारले. मीही हसून पुढे सरकणार होतो. पण त्याने हळूच दुसरा प्रश्न विचारला, "आणि साफ कोण करायचं?"

माझ्या टिपणांत याचे उत्तर नव्हते. त्या दोन खोल्यांतही नव्हते.

दुपारी बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर सावली बघून आम्ही डबे सोडले. रविवारी तो भाग शांत असतो. तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "काका, माझे आजोबा बोटीवर होते. टोपास होते. पण आई म्हणते, कुणी विचारलं तर सांगायचं, शिपिंगमध्ये होते."

वाचकहो, टोपास हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला नसेल. गोदीत, बोटीवर ज्यांच्या घरची माणसे होती त्यांना तो माहीत आहे. इंग्रजांच्या व्यापारी बोटींवर हिंदी खलाशी असत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा अशा खलाशांची संख्या सुमारे ५० हजार होती. गोऱ्यांनी त्यांना लष्कर, लास्कर म्हटले. त्यांच्यात उतरंड होती. वर सारंग, त्याच्या खाली तांडेल, मग साधे खलाशी. स्वयंपाकाला भंडारी. खाली बोटीच्या पोटात भट्टीपुढे आगवाला आणि कोळसेवाला. आणि सगळ्यांच्या तळाशी टोपास. तो संडास-मोरी धुणार, घाण उपसणार. डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान, खानपानाला गोव्याचे ख्रिस्ती, अशी विभागणी ठरून गेलेली होती. टोपास मात्र कोणत्या समाजातला असणार, हे वेगळे सांगायला नको. ज्या ग्रंथांनी समुद्रावर जाऊ नका म्हणून सांगितले, त्यांची जात मात्र बिनतिकिटाने बोटीवर चढली होती.

आणि हे इंग्रजांबरोबर संपले नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलातही टोपास हे पद राहिले. पुढे कधीतरी त्याला 'सॅनिटरी हायजीनिस्ट' असे साहेबी नाव मिळाले. आपल्या देशात पदाचे नाव आधी बदलते, झाडू कुणाच्या हातात आहे ते सर्वांत शेवटी बदलते. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा असे दोन कायदे करावे लागले, यातच सारे आले.

पण त्या दुपारी मला खुपत होते ते संग्रहालय नव्हे. मला खुपत होतो मी. संग्रहालयाने टोपास दाखवला नाही, हे खरे. मी तरी कुठे दाखवणार होतो? माझ्या टिपणांत सम्राट होते, स्तूप होते, संघमित्रा होती. त्या मुलाचा आजोबा नव्हता. आपल्या चळवळीतही ही खोड आहे, प्रांजळपणे बोलू या. इतिहास शोधायला निघालो की आपल्याला राजा हवा असतो, सेनापती हवा असतो. ज्यांनी झाडू मारला, कोळसा ओढला, त्या आज्या-आजोबांविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो. मग त्या मुलाच्या आईला दोष कसा देणार? 'शिपिंगमध्ये होते' हे तिने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेले वाक्य आहे. शाळेत, शेजारात, नोकरीच्या ठिकाणी पुढचा प्रश्न काय येतो, हे तिने अनुभवलेले असणार.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. टोपासाच्या कामाचा गौरव करायचा नाही. घाण उपसण्यात अध्यात्म असते, अशी प्रवचने आपल्याला पुष्कळांनी दिली; बाबासाहेबांनी मात्र गलिच्छ कामे सोडा, गाव सोडा, शिका असे सांगितले. तेच बरोबर. कामावर लादलेली लाज ही ज्याने लादली त्याची आहे. ज्याने ते काम करून पोरे शिकवली त्याची नाही. एवढा फरक सातवीतल्या मुलाला कळतो. मी त्याला तसाच सांगितला.

मग डबे धुऊन झाल्यावर मी मुलांना बाबासाहेबांच्या समुद्रप्रवासाची गोष्ट सांगितली. ही टिपणांत नव्हती, आठवेल तशी सांगितली. १८८८ साली मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना जातीबाहेर काढले. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला निघाले. त्यांना कोण जातीबाहेर काढणार? ज्यांना माणसांतूनच बाहेर ठेवले होते, त्यांना समुद्राची भीती घालायला कुणाकडे काही शिल्लकच नव्हते.

१९१७ साली ते लंडनहून परत निघाले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते टॉर्पेडोने बुडाले. त्यात त्यांची पुस्तके होती. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवली, त्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून त्यांना ६०० रुपये मिळाले, ते बडोद्याला जाण्याच्या खर्चाला उपयोगी पडले. आणि बडोद्यात काय झाले? राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. समुद्राने पुस्तके नेली, पण जात विचारली नाही. जात विचारली ती जमिनीने.

"पण मग ते परत बोटीने गेले ना?" एका मुलीने विचारले. गेले तर! १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला गेले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेला गेले आणि १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' बोटीने दुसऱ्या परिषदेला. त्या काळी विलायतेच्या टपालबोटी बॅलार्ड पिअरला लागत. आम्ही जेवायला बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून एक माणूस त्या बोटीच्या वरच्या डेकवर उभा होता. आणि त्या काळच्या बोटींच्या तळाशी, आपला कुणीतरी माणूस टोपास म्हणून राबत होता. वर उभ्या असलेल्या माणसाचे सारे भांडण खालच्या माणसासाठी होते. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कुणी काही बोलले नाही.

मग तो सातवीतला मुलगा म्हणाला, "काका, परत आत जाऊ या का? तिथं दाराजवळ वही होती."

अभिप्रायाची वही. आम्ही परत गेलो. पहारेकऱ्याने पुन्हा तिकीट मागितले नाही. मुलाने वहीत लिहिले: 'संग्रहालय छान आहे. माझे आजोबा बोटीवर टोपास होते. त्यांच्यासारख्यांची पण माहिती लावा.' खाली नाव, इयत्ता, वस्तीचे नाव. त्याच्या मागे रांग लागली. कुणाचे आजोबा गोदीत हमाल होते, कुणाची आजी कोळशाच्या वखारीत होती. मुलीच्या आईनेही लिहिले. पहारेकरी वाकून वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "माझा बाप पण गोदीतच होता."

संग्रहालये बदलत नाहीत असे नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराने गुलामांच्या व्यापारावर अमाप पैसा केला. तिथल्या सागरी संग्रहालयातही जहाजांचाच थाट होता. १९९४ साली त्या संग्रहालयाच्या तळघरात गुलामांच्या व्यापारावर एक दालन उघडले. २३ ऑगस्ट २००७ रोजी त्याच इमारतीत गुलामगिरीचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. तळघरातून वर यायला तेरा वर्षे लागली. आपल्याकडे लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल होत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, १४ दालने नियोजित आहेत. त्या चौदा दालनांत सोपाऱ्याचा स्तूप किती असेल? मुंबई लष्करातल्या ज्या मरीन पलटणींत महार शिपाई मोठ्या ओढीने भरती होत, त्या असतील का? १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र लिहिले, ते असेल का? आगवाला, कोळसेवाला, टोपास असतील का? हे प्रश्न आताच विचारायचे. दालनांना काचा लागल्यावर विचारून उपयोग नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. देशाच्या वारशाचे जतन हे अनुच्छेद ५१ क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. कर्तव्य आपले असेल, तर वारशात काय मोडते हे सांगण्याचा हक्कही आपला आहे.

आणि सरकारवर सारे सोपवून स्वस्थ बसायचे नाही. मुलांना घेऊन बाहेर पडा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोक शिलालेख आहे. सोपाऱ्याचा स्तूप लोकलच्या अंतरावर आहे, कान्हेरी तर बोरिवलीतच. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या युद्धाची दोन हजारांहून अधिक नावे आणि दुसऱ्याची सहा हजारांहून अधिक. ज्यांना कबर मिळाली नाही, राख मिळाली नाही, त्यांची निदान नावे आहेत. मुलांना ती वाचायला लावा. आणि कोणत्याही संग्रहालयात कोणत्याही वस्तूपुढे उभे करून त्यांना तीन प्रश्न शिकवा: ही बनवली कुणी? वापरली कुणी? पुसून ठेवली कुणी? कोर्टात साक्षीदार एक बाजू सांगतो, दुसरी बाजू उलटतपासणीत निघते. काचेच्या पेटीतल्या वस्तूचेही तसेच आहे.

पुढच्या रविवारी तो मुलगा विहारात आला तो आईला घेऊन. आईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी निळी वही होती. आजोबांचे खलाशी म्हणून कामाचे नोंदपुस्तक. आत त्यांचा तरुणपणीचा फोटो, ताठ मानेचा. पानोपानी बोटींची नावे, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. हुद्द्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी तोच शब्द, टोपास. आणि शेजारी वर्तणुकीच्या रकान्यात प्रत्येक कप्तानाचा शिक्का: 'व्हेरी गुड'.

आई म्हणाली, "वकीलसाहेब, पेटीच्या तळाशी होती. मी कधी कुणाला दाखवली नव्हती."

मी तीस-एक वर्षांच्या नोंदी चाळल्या. इतका स्वच्छ पुरावा कोर्टात क्वचितच हाताला लागतो. आता ती वही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एका काचेच्या पेटीत ठेवली आहे. पेटी मुलांनीच वर्गणी काढून करून घेतली. खाली पाटी आहे, तीही मुलानेच लिहिली. तिच्यावर 'शिपिंग' हा शब्द नाही.

तुमच्याही घरात पेटीच्या तळाशी असे काही असेल. गोदीचा पास, गिरणीचा बिल्ला, पलटणीचे पेन्शनबुक. ते वर काढा. मुलांच्या हातात द्या आणि हे कुणाचे, ते मोठ्या आवाजात सांगा.

जय भीम!